टाचेमागं

मला पाडायला तिघी लागायच्या.
फुशारकी नाही ही,
वजनाचंच काम होतं माझ्याकडं:
बॉल छातीशी धरून सरळ घुसायचं, आपटायचं,
मानवतच्या जिनिंगमागची काळी माती दातांत घेऊन उठायचं,
बॉल खाली ठेवायचा
आणि टाचेनं मागं सारायचा.
बघायचं नाही.

मागं तहसीन असायची.
तहसीन पिंजारी, नऊ नंबर,
सगळ्यांत बुटकी, जर्सी गुडघ्याला टेकलेली.
"हुकर म्हणजे आकडी," हत्तीअंबिरे सर म्हणाले होते,
"चिंचा वढायची असती तशी.
पूर्वी स्क्रममधून पायानं बॉल वढून घ्यायची ती.
आता ते काम ऱ्हायलं नाही, नाव ऱ्हायलं."
मग काम काय ऱ्हायलं, सर?
"बाकी सगळं."

तिचे अब्बा बसस्टँडमागं गाद्या भरतात.
मशीन आलं, तरी भिंतीवर धनुकली टांगलेली आहे.
मला वाटतं तिचा हात तिथलाच.
कारण तहसीन बॉल उचलायचीच नाही.
उचलायला वाकावं लागतं, धरावं लागतं, उभं ऱ्हावं लागतं,
तेवढ्यात समोरच्या दोघी अंगावर.
ती ओणव्यानंच, जमिनीवरूनच
एका हिसक्यात बॉल झाडायची,
सरकी तिथंच आणि रुई उडाली तसा
तो वर्षाराणीच्या पळत्या पोटाशी.
उजवीकडं जसा, डावीकडंही तसाच.
त्यासाठी एक अख्खा उन्हाळा
जेवण सोडून सगळं डाव्या हातानं केलं तिनं.

कधी बॉल कुणाकडंच जायचा नाही.
समोरची पोरगी दम खायला कमरेवर हात ठेवून
एक पाऊल वाकडी उभी ऱ्हायली
की तहसीन त्या फटीतून पार.
आम्हीच शोधत बसायचो, कुठं गेली.

मी मधून मधून बाहेर बसायचे, पाणी प्यायचे.
ती ऐंशीच्या ऐंशी मिनिटं आत.
धिप्पाड पोरी मुद्दाम तिच्याच अंगावर सोडायचे लोक.
ती घोट्यांना मिठी मारायची, पाडायची, उठायची,
पुन्हा रांगेत.
एकदा मोजलं मी. एकेचाळीस.
तिला सांगितलं तर म्हणाली, "कामून मोजायली? दुसरं काम नाही का?"

मग परभणीची मॅच आली, ऐन लग्नसराईत.
पाथरीच्या कुणाच्या तरी लग्नाच्या सतरा गाद्या,
तहसीन आलीच नाही.
नऊ नंबर धनश्रीला दिला सरांनी.
चांगली पोरगी, पळण्यात आमच्यात पहिली.
पहिल्याच टॅकलनंतर मी उठले,
बॉल ठेवला, टाच मागं.
आणि काहीच झालं नाही.
बॉल तिथंच, उन्हात, एकटा.
वळून बघितलं तर धनश्री येत होती,
येतच होती.
तेव्हा कळलं,
आपल्या पाठीमागं केवढी जागा असते.

हाफला सोळा-शून्य.
पत्र्याच्या शेडखाली मी नाक धरून बसलेले, रक्त थांबेना.
इतक्यात काळीपिवळीतून ती उतरली,
भुवयांवर कापूस, वेणीत कापूस.
"चौदा झाल्या, तीन ऱ्हायल्या. अब्बा म्हणले, जा."
वेणीतलाच एक पुंजका ओढून तिनं बोटांत वळला
आणि माझ्या नाकात कोंबला.
"मुंडी वर कर.
आणि आता मागं बघू नको."

हरलो. सोळा-चौदा.
पेपरात वर्षाराणीचं नाव आलं, आडनाव चुकवून.
बाकी कुणाचं नाही.

दुसऱ्या हाफात मी अकरा वेळा पडले,
अकरा वेळा टाच मागं सारली.
बॉल कधी गेला,
मला माहीत नाही.